एक्केचाळीस दारं आणि एक अर्ज

१ सप्टेंबर, पहाटे ५.१०

उठलो. आजपासून रोज पाचला. मोठी माणसं पहाटेच मोठी होतात.

कारण: नोव्हेंबरातली आंतरराष्ट्रीय परिषद. उद्घाटनाचं भाषण कोणी करायचं ते आलेल्या निबंधांवरून ठरणार. म्हणजे मी. निबंध वीस ऑक्टोबरपर्यंत पोचला पाहिजे. विषय माझा, तीस वर्षांचा: वर्णभेदाच्या कादंबऱ्यांतली घरं. रंगावरून, वस्तीवरून, आडनावावरून ज्यांना घर नाकारलं गेलं त्यांच्या कादंबऱ्या. त्यांतली दारं, उंबरठे, पडदे, किल्ल्या यांच्याकडे प्रतीक म्हणून आजवर कोणी धड पाहिलेलंच नाही. लोक रडतात आणि पुस्तक मिटतात. मी रडत नाही. मी कार्डं करतो.

आजवरची कार्डं: दारं ४१, खिडक्या १७, किल्ल्या ९, पडदे ६, डोअरबेल १ (वाजत नाही. महत्त्वाचं.)

रोज हजार शब्द. वीस दिवसांत निबंध संपेल. उरलेल्या दिवसांत त्याचं पुस्तक करावं.

५.३५. पाच मिनिटं पाठ टेकतो.

२ सप्टेंबर

काल पाठ टेकली ती सव्वाआठपर्यंत. आज ८.०५ ला उठलो. प्रगती आहे.

वरचा फ्लॅट रिकामा झाला. ट्रम्पेटवाला गेला एकदाचा. फ्लॅट हिच्या नावावर, हिच्या वडिलांनी दिलेला. पण कारभार मी बघतो. हिला वेळ कुठे? दिवसभर दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी घरी येऊन माझं आटवते. शिवाय इमारत समितीचा सेक्रेटरीही मीच. भाडेकरू ठेवायचा तर समितीचा ना-हरकत दाखला लागतो, आणि दाखल्यावर सही माझी. एका माणसावर किती भार असावा याला मर्यादा आहे.

शब्द: ०. पण विचार भरपूर झाला.

५ सप्टेंबर

कॉलेजात माझ्या विभागात नवी ज्युनियर लेक्चरर रुजू झाली. पुलापलीकडची. नदीच्या अलीकडे आपण राहतो, पलीकडे ते. असा कायदा नाही. होता तो माझ्या लहानपणीच रद्द झाला. आता फक्त तसं आहे.

मुलाखतीच्या वेळी मीच म्हणालो होतो की विभागात एक तरी असायला हवी. एक यावर सर्वांचं एकमत झालं. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही. आज स्टाफरूममध्ये विषय निघाला म्हणून चौघांना सांगितली.

ज्युनियर माझ्या केबिनमध्ये आली. कॉलेजच्या गेस्टरूममध्ये तीस तारखेपर्यंतच राहता येईल म्हणाली. घरून यायचं तर दोन बस बदलून अडीच तास, आणि पहिला तास सव्वासातचा. नोकरी एका वर्षाच्या कराराची, त्यामुळे उशीर होऊन चालणार नाही. माझा वरचा फ्लॅट रिकामा आहे हे शिपायाने सांगितलं म्हणाली. आई आणि ती, दोघीच. शिपायाची जीभ एक दिवस हासडणार आहे.

बघू म्हणालो. अर्जाचा कोरा फॉर्म दिला. लगेच बसून भरायला लागली. कायमच्या पत्त्याशी जरा अडली, गल्ली, मागची गल्ली, नंबर असं काहीतरी लांबलचक सांगू लागली. मी कागद घेतला आणि तो रकाना स्वतःच भरून टाकला. वेळ वाचला.

७ सप्टेंबर

समितीची बैठक. अध्यक्ष (निवृत्त कस्टम अधिकारी), खजिनदार (दातांचे डॉक्टर) आणि मी.

इथे नोंदवून ठेवतो. आमच्या इमारतीने आजवर एकाही माणसाला नकार दिलेला नाही. रजिस्टर साक्षीला आहे. पुलापलीकडून अकरा वर्षांत चौदा अर्ज आले आणि चौदाही 'विचाराधीन' आहेत. त्यातला पहिला अर्जदार मध्यंतरी वारला असं ऐकलं. तरी त्याचा अर्ज आम्ही काढून टाकलेला नाही. इतर इमारतींत सरळ हाकलून देतात. संस्कार संस्कार म्हणतात ते हेच.

आज पंधरावा अर्ज चढवला. अक्षर माझं सुंदर आहे.

९ सप्टेंबर

हिने फॉर्म पाहिला. म्हणाली, देऊन टाका की त्या पोरीला, मला चालेल. मी कार्यपद्धती समजावून सांगितली. ही म्हणाली, ट्रम्पेटवाल्याला तुम्ही अर्ध्या तासात किल्ल्या दिल्यात, त्याने कुठला फॉर्म भरला होता? मी म्हणालो, तो कलावंत होता. ही म्हणाली, कलावंत पहाटे सहाला फुंकायचा तेव्हा तुम्हीच त्याच्या कुळाचा उद्धार करत होतात.

बायकांना प्रोसेस कळत नाही.

११ सप्टेंबर, सकाळी ९

आज मात्र लिहिलं. १४० शब्द. पण कसले शब्द!

तपकिरी पुठ्ठ्याची ती कादंबरी आहे ना, जिच्यात एक कुटुंब एक अवजड कपाट घेऊन सात घरं हिंडतं आणि कुठेच जागा मिळत नाही. सगळे टीकाकार दारिद्र्य दारिद्र्य करत बसले. कपाट म्हणजे इतिहासाचं ओझं! हे एकालाही सुचू नये? लिहिताना अंगावर काटा आला. थोडी थंडीही होती.

१४ सप्टेंबर

एक अफलातून कल्पना सुचली. निबंधाचा कच्चा खर्डा ज्युनियरला वाचायला द्यायचा. ती आतली आहे. ज्यांच्यावर हे साहित्य लिहिलं गेलं त्यांच्यातली. तिचे चार कौतुकाचे शब्द प्रस्तावनेत टाकले की कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. तिलाही केवढा मान.

दिला. अडतीस पानं. (पंचवीस पानं कार्डांची यादी आहे, उरलेली बरीचशी माझ्या जुन्या व्याख्यानांतली, पण यादी हासुद्धा विचारच.) पानं हातात घेऊन तिने विचारलं की सर, अर्जाचं काय झालं. मी हसलो. म्हणालो, साहित्य वेगळं आणि फ्लॅट वेगळा, दोन्हींची गल्लत करू नये. हे वाक्य निबंधात वापरता येईल का पाहतो.

१८ सप्टेंबर

आज परिचयाचा चहा. अर्जदाराला समिती चहाला बोलावते, हा आमच्या इमारतीचा शिरस्ता. (ट्रम्पेटवाल्याच्या वेळी अध्यक्षांना सर्दी होती म्हणून राहून गेलं.) ज्युनियर आली, आई बरोबर. आई ठेंगणी, शिवणकाम करते, गळ्यात मोजमापाची टेप तशीच अडकवलेली. काढून यायचं भानही नाही.

प्रश्न नेहमीचेच. अध्यक्षांनी विचारलं की पाहुणे किती येतात, रात्री गाणीबिणी होतात का. आई म्हणाली पाहुणे येत नाहीत, अडीच तास बसमध्ये बसून कोण येणार. डॉक्टर पूर्णवेळ दोघींच्या दातांकडे बघत होते, सवयीने. मी फारच सौम्यपणे विचारलं की तुमच्याकडच्या स्वयंपाकाला वास कितपत येतो. आई म्हणाली, येतोच की, वास नसलेलं जेवण कोण जेवेल. उत्तर उद्धट होतं की साधं ते ठरवता आलं नाही. उद्धट धरलं.

मग वरचा फ्लॅट दाखवला. दाखवल्याशिवाय विचार तरी कसा करणार? आईने सरळ टेप काढली आणि मागच्या खोलीची भिंत मोजायला घेतली. दोनदा मोजली. मुलीकडे पाहून मान हलवली आणि हसली. दाखला मिळालेला नाही आणि ही मापं घेते आहे! अशा उतावळेपणाने माणसं स्वतःचंच नुकसान करून घेतात.

दोघी गेल्यावर समितीचं मत पडलं की छाप फार चांगली पडली. निर्णय: विचाराधीन.

२३ सप्टेंबर

खर्डा परत आला. पेन्सिलीने समासात नोंदी. वाचून डोकं उठलं. त्यातल्या काही इथे उतरवतो, पुढे चरित्रकाराला उपयोग होईल.

मी (पान ३): दार हे आत्म्याचं मुख आहे.
ती: 'दार बंद आहे. ती बाहेर उभी आहे. काखेत मूल आहे.'

मी (पान ९): न वाजणारी डोअरबेल म्हणजे मानवी संवादाची अशक्यता.
ती: 'वायर कापलेली आहे. कादंबरीच्या पान १२ वर घरमालक स्वतः कापतो. सरांनी पान १२ वाचलेलं दिसत नाही.'

पान १२ उघडून पाहिलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. प्रकाशकाची चूक.

मी (पान १६): कपाट म्हणजे इतिहासाचं ओझं.
ती: 'कपाटात कपडे आहेत. दर घरात ते भिंत मोजून बघतात, मावेल का म्हणून. सातही घरांत मावतं.'

मी (पान २२): खोलवर पाहिलं तर या पात्रांना घर नकोच असतं. घर हे निमित्त.
ती: 'हवं असतं.'

बास. एवढंच! तीस वर्षांच्या चिंतनावर दोन शब्द. शेवटच्या पानावर: 'टायपिंग स्वच्छ आहे.'

प्रतीक म्हणजे काय हेच जिला कळत नाही तिला लेक्चरर कोणी केलं? मीच केलं. असो.

२५ सप्टेंबर

दोन दिवस रागात गेले. आज विचार केला की रागावणं आपल्याला शोभत नाही. रागाचं सोनं करावं.

ठरलं. तिच्या नोंदी निबंधाला जोडायच्या. 'परिशिष्ट अ: प्रतीक न उमगणारा वाचक, एक नमुना'. ज्यांच्यावर साहित्य लिहिलं जातं त्यांनाच ते वाचता येत नाही, हा मुद्दा आपोआप सिद्ध. शिवाय निबंधाची जाडी वाढेल.

प्रामाणिकपणाशी मी तडजोड करत नाही. तिचं पूर्ण नाव खाली बारीक टायपात देणार. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, घाला सर, पण एक शब्दही बदलू नका. मी म्हणालो मला काय गरज. सगळ्या नोंदी हव्यात म्हटल्यावर तिने संध्याकाळपर्यंत बसून उरलेल्या कादंबऱ्यांवरही लिहून दिल्या. चौदा पानं झाली. पोरगी कामसू आहे, दृष्टी नाही.

२८ सप्टेंबर

घरात आकांडतांडव.

ही माझ्या नकळत अध्यक्षांकडे गेली. विचारलं, का अडवलंत? अध्यक्षांनी हात झटकले. म्हणाले, आम्हाला काय, फ्लॅट तुमचा, पण सेक्रेटरींचं मन होत नाही असं दिसलं म्हणून आम्ही गप्प. मग ही डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, अध्यक्षांचं मन होत नाही असं सेक्रेटरींनी सांगितलं. मग माझ्याकडे आली. मी म्हणालो, मला व्यक्तिशः काहीच अडचण नाही, पण तळमजल्यावरच्या आजींचा विचार करायला हवा, या वयात त्यांना धक्का नको. ही तशीच चपला घालून खाली गेली. आजी म्हणाल्या, ती गोड मुलगी ना, मला वाटलं राहायला आलीसुद्धा.

आजींना ऐकू कमी येतं. त्यांचं मत ग्राह्य धरता येत नाही.

ही म्हणाली, तिघे मिळून एकमेकांच्या मागे लपता आणि त्याला समिती म्हणता. तुमच्याहून तो ट्रम्पेटवाला बरा, निदान ऐकू तरी यायचा. आणि मग म्हणाली की मला माझीच लाज वाटते, फ्लॅट माझा असून मी तुम्हाला विचारत बसले.

अशा वातावरणात लेखन कसं होणार? शब्द: ०.

३० सप्टेंबर

ज्युनियरने गेस्टरूम सोडली. टेम्पो आला होता म्हणे, शिपाई चढवायला मदत करत होता. मी खिडकीत गेलो नाही. 'सामान: विस्थापनाचं रूपक' हा परिच्छेद नेमका तेव्हाच सुचत होता, आणि सुचताना उठू नये. १९० शब्द. उत्तम दिवस.

३ ऑक्टोबर

ज्युनियर ७.३२ ला आली. लेट मार्क. मस्टर माझ्या ताब्यात असल्याने मलाच करावा लागला. केला.

नियम: तीन लेट मार्क म्हणजे मेमो. सहा म्हणजे कराराचा फेरविचार. नियम मी केलेले नाहीत. म्हणजे समितीत मी होतो, पण एकटा नव्हतो.

मी पावणेदहाला पोचलो. विभागप्रमुखाला मस्टर नसतं, त्याच्यावर विश्वास असतो.

८ ऑक्टोबर

तिसरा लेट मार्क. मेमो दिला. ती म्हणाली, पहिली बस चार चाळीसची, तिच्यात बसले तरी पुलावर तपासणीला अर्धा तास थांबवतात, कधी थांबवतात कधी नाही, त्याचा नेम नसतो. मी धीर दिला. म्हणालो, पहाटेची वेळ मोठी पवित्र असते, मी स्वतः पाचला उठतो, बसमध्ये वाचन करत चला. तिने विचारलं सर किती वर्षं उठताय. मी म्हणालो संकल्प जुना आहे.

मेमोवर सही करताना तिच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. वाईट वाटलं. घरी आल्यावर हिला सांगितलं की वाईट वाटलं. ही म्हणाली, मग? मी म्हणालो, मग काय, वाटलं.

१२ ऑक्टोबर

हिने आज हद्द केली. सकाळीच वरच्या फ्लॅटच्या किल्ल्या उचलल्या. मी विचारलं, कुठे? म्हणाली, पुलापलीकडे. मी समजावलं की दाखल्याशिवाय समिती पाणी तोडू शकते. ही म्हणाली, माझ्या नळाचं देईन, आणि तुमच्या समितीला सांगा बादल्या मोजत बसा.

संध्याकाळी ६. ही परत आली. किल्ल्या हातात तशाच. टेबलावर ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तशीच पडून बोलली. ज्युनियर घ्यायला तयार होती. आई नको म्हणाली. जिथे शिरायला एवढी चौकशी, तिथे राहायला किती, असं म्हणाली. खाली सेक्रेटरी बसणार, जिन्यावर कोण चढलं ते मोजणार. पोरीने नोकरीवर भीत जायचं आणि घरीही भीत यायचं, त्यापेक्षा बस बरी. मग त्यांनी हिला चहा दिला. हे सांगताना ही रडली. मी चक्रावलो. चहा दिल्यावर कोणी रडतं का?

रात्री ८. पण थांबा. थांबा! किल्ल्या समोर धरल्या आणि त्यांनी नको म्हटलं. म्हणजे घर नकोच होतं! पान २२ वरचा माझा मुद्दा! खोलवर पाहिलं तर या पात्रांना घर नकोच असतं. तीस वर्षांच्या सिद्धांताला आज प्रत्यक्ष पुरावा मिळाला, तोही माझ्याच घरात. हिला उठवून सांगायला गेलो. हिने उशी फेकून मारली. गाढवाला गुळाची चव काय.

२० ऑक्टोबर

निबंध पाठवला. शेवटच्या रात्री जागरण करणार होतो, पण झोप आली. त्यामुळे कार्डांची यादी वगळता तेरा पानं माझी, चौदा पानांचं परिशिष्ट. वजन चांगलं भरलं.

उद्घाटनाच्या भाषणासाठी कोट शिवायला टाकला. आडव्या रेघांचा.

२७ ऑक्टोबर

सहावा लेट मार्क. ७.१९. चार मिनिटं! मी घड्याळाकडे बघून न बघितल्यासारखं करणार होतो, पण मग तत्त्वाचं काय?

कराराच्या फेरविचाराचा कागद प्राचार्यांकडे गेला. त्यावर विभागप्रमुखाचा अभिप्राय मागतात. तिच्या विरोधात मी एक अक्षरही लिहिलं नाही. 'विचाराधीन' एवढंच लिहिलं. एखाद्याचं नुकसान करणं माझ्या स्वभावातच नाही.

३१ ऑक्टोबर

ज्युनियर ७.१० ला आली, तास घेतला, तो संपल्यावर राजीनामा ठेवला. कराराचा निकाल यायचा होता, त्याआधीच. मी म्हणालो अहो, अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणाली, माहीत आहे सर, तुमच्याकडे कधीच काही ठरत नाही.

निरोपाचे दोन शब्द बोलावेत म्हणून मी विद्यार्थ्यांकडे गेलो. 'प्रस्थान' या संकल्पनेवर बोललो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून निघून गेली. मग तिच्या मागोमाग आणखी काही. किती ते मोजलं नाही. शेवटी शिपाई आणि मी उरलो, आणि शिपायाला वर्ग बंद करायचा होता.

७ नोव्हेंबर

कोट आला. पोटावर घट्ट. शिंप्याचं माप चुकलं.

ही कामापुरतंच बोलते. काल आठ शब्द, आज पाच. मौनाचं प्रतीकशास्त्र यावर टिपण करावं म्हणून कार्ड काढलं. पुढे काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर, दुपारी

परिषदेचं जाड पाकीट आलं. हा क्षण एकट्याने उपभोगणं कंजूसपणा ठरला असता. स्टाफरूममध्ये सर्वांना बोलावलं, केक आणि कॉफी माझ्यातर्फे. पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आपला निबंध निवड समितीने लक्षपूर्वक वाचला, असं पहिलं वाक्य. टाळ्या झाल्या. (मी थांबलो म्हणून झाल्या.)

दुसऱ्या वाक्यापासून मी मनात वाचू लागलो. पण शिपाई कॉफीचा ट्रे घेऊन माझ्या खांद्यामागे उभा होता, तो मोठ्याने वाचत राहिला. त्याला इतकं अस्खलित वाचता येतं हे मला आजच कळलं.

निबंध स्वीकारता येत नाही. मात्र परिशिष्ट अ हे अनेक वर्षांत वाचलेलं या विषयावरचं सर्वांत नेमकं लेखन आहे, असं समितीचं एकमुखी मत पडलं. उद्घाटनाचं भाषण त्या लेखिकेने करावं ही विनंती. सर्वांत शेवटी: लेखिकेचं नाव बारीक टायपात आहे, पण पत्ता कुठेच नाही. तो आपल्याकडे असणारच. कृपया उलट टपाली कळवावा.

केक कोणी नको म्हणालं नाही.

१६ नोव्हेंबर

कॉलेजच्या फाइलमध्ये तिचा पत्ता: गेस्टरूम. मोबाइल बंद. समितीचं रजिस्टर काढलं, अर्ज क्रमांक पंधरा. कायमचा पत्ता या रकान्यात माझ्याच सुंदर अक्षरात एक शब्द: पुलापलीकडे. त्या दिवशी तेवढं पुरेसं वाटलं होतं.

१८ नोव्हेंबर

परिषदेचा फोन. कार्यपत्रिकेची छपाई अडली आहे, पत्ता पाठवता ना? मी म्हणालो, पाठवतो. मग मीच गेलो. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा पूल ओलांडला. पुलावर माझी बस थांबवली नाही. परतताना थांबवली, पण मला पाहून पुढे जा म्हणाले. बाकीचे उतरून उभे होते.

तिकडे दिवसभर विचारत हिंडलो. शिवणकाम करणारी बाई, मुलगी लेक्चरर. सगळ्यांना माहीत होती असं चेहऱ्यावरून वाटलं. एकानेही सांगितलं नाही. अरेरावी कोणी केली नाही. एकाने बसायला खुर्ची दिली. मी कोण, काय काम, कोणी पाठवलं, असं विचारलं. मी सांगितलं, तिच्या विभागाचा प्रमुख. त्यानंतर सगळे आपापल्या कामाला लागले.

घरी आलो तेव्हा ही जेवत होती. पाय सुजले होते. हिने गरम पाण्याची बादली पुढे सरकवली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी निबंधाबद्दल काही बोललो नाही. फक्त विचारलं, तिचा पत्ता कुठे मिळेल?

ही म्हणाली, माझ्याकडे आहे. महिनाभर मी माझे कपडे तिच्या आईकडेच शिवायला देते.

माझ्याच घरात पत्ता आणि मी दिवसभर उन्हात. पण हिच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. लाज म्हणतात ती हीच का, सांगता येत नाही. आधी वाटल्याचं आठवत नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. म्हणालो, मग दे ना, मी उद्याच कळवतो.

ही म्हणाली, तिला विचारून सांगते.

२१ नोव्हेंबर

परिषदेचे दोन फोन. हिला आज परत आठवण केली. म्हणाली, विचारलंय.